दातवाल्याचा पांढरा शर्ट

ह्यांना पोट धरून हसताना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा आमची मुलगी चौथीत होती, आणि हसवणारी बाई मी नव्हते.

आधी ह्यांच्याबद्दल सांगते. हे लकडगंजात एका लाकडाच्या व्यापाऱ्याकडे हिशेबनीस होते. दिवसभर आरा मशीनचा आवाज ऐकायचा आणि घरी येऊन गप्प बसायचं, असा त्यांचा क्रम. भांडण नाही, तक्रार नाही, भाजीत मीठ कमी पडलं तरी शब्द नाही. कोणी विनोद केला तर नाकातून थोडी हवा सोडायचे. तेच ह्यांचं हसू, असं मी लग्नाच्या पहिल्या वर्षातच ठरवून टाकलं आणि पुढच्या कामाला लागले. कोणाला वांगं सोसत नाही, कोणाला हसणं जमत नाही. त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नव्हतं.

मी स्वतः एका शाळेच्या कार्यालयात कामाला होते. शाळेतली पद्धत मी घरात आणि गल्लीतही आणली होती. आमच्या गल्लीत समोरासमोर भाड्याची घरं आणि मधे सगळ्यांचं मिळून एक अंगण. गणपती असो, सहल असो की नळाची पाळी, यादी मी करायची आणि बाकीच्यांनी आपापल्या नावापुढचं काम करायचं. कुणी कुरकुर केली तरी काम व्हायचं. व्हिडिओ आणायचा तरी यादी माझीच.

तेव्हा व्हीसीआर कोणाच्या घरी नसायचा. सीताबर्डीच्या दुकानातून रंगीत टीव्हीसकट तो दिवसभरासाठी भाड्यानं मिळायचा आणि सायकलरिक्षात गादीवर बसून, दुकानाच्या माणसाच्या मांडीला टेकून, नव्या नवरीसारखा गल्लीत यायचा. वर्गणी, सतरंज्या, खिडक्यांना लावायच्या चादरी, पिण्याच्या पाण्याचा माठ हे सगळं आधी ठरलेलं असायचं. पोळ्याच्या आधीच्या एका रविवारी आम्ही असाच व्हिडिओ आणला. म्हाताऱ्यांसाठी एक पौराणिक, सगळ्यांसाठी एक कौटुंबिक हिंदी, आणि तिसरी कॅसेट दुकानाच्या माणसानं आपल्या मनानं दिली. "इंग्लिश हाये, नवीन हाये, पोट्टे खुश होतील," म्हणाला. माझ्या यादीत ती नव्हती. मी परत करणार होते, पण तोवर पोरांनी ती पळवली.

समोरच्या घरात त्याच उन्हाळ्यात एक बाई राहायला आल्या होत्या. धंतोलीतल्या एका खाजगी दवाखान्यात ऑपरेशनच्या खोलीत नर्स होत्या. नवरा रेल्वेत गार्ड, महिन्यातले बरेच दिवस गाडीवर. बाईंचा आवाज मोठा, चाल झपाझपा, आणि कोणाच्याही घरात शिरताना बाहेरूनच बोलणं सुरू. सगळ्या गल्लीच्या त्या आठवड्याभरात वहिनी झाल्या. हेही त्यांना वहिनी म्हणायचे, म्हणजे हाक मारायची वेळ आलीच तर.

पौराणिक झाला, हिंदी झाला. जेवणं उरकून दुपारी आमच्या बाहेरच्या खोलीत तिसरी कॅसेट लागली. खिडक्यांना चादरी, आत घामाचा आणि पावडरचा वास, पुढे पोरं, मागे आम्ही बायका, भिंतीशी पुरुष. इंग्रजी सिनेमा म्हणजे पुरुष बहुतेक पांगलेच होते. हे मात्र बसून राहिले होते. बहुधा बाहेर ऊन होतं म्हणून.

सिनेमा रक्त पिणाऱ्या भुताचा होता, पण भूत जुन्या किल्ल्यातलं नव्हतं. कोटपँट घालून एका मोठ्या परदेशी शहरात राहायचं आणि लॉन्ड्री चालवायचं. गिऱ्हाईक कपडे टाकायला आलं की हा त्याच्या मानेला सुळे लावायचा. रक्ताच्या चिळकांड्या उडायच्या, छतावर, दिव्यावर, इस्त्रीच्या टेबलावर. लॉन्ड्री स्वतःचीच असल्यामुळे डागांची त्याला फिकीर नव्हती. पण घरी बायको होती, तीही भूतच, आणि ती त्याच्यावर सतत खेकसत असायची. मधे एकदा एक मुंडकं धुलाईच्या मशीनमध्ये पडतं आणि पुढच्या गोल काचेतून गरगर फिरताना दिसतं. पोरं किंचाळली. बायकांनी डोळ्यांवर पदर घेतले. मला विचाराल तर आमच्यातल्या अर्ध्याजणी पदराआडून मुंडकं नाही, मशीन बघत होत्या. कपडे आपोआप पिळून निघतात हे आम्ही तोवर फक्त ऐकलेलं.

इंग्रजी कोणाला धड कळत नव्हतं. आणि इथेच समोरच्या वहिनी बोलायला लागल्या. पडद्यावर भुताची बायको नवऱ्याची कॉलर धरून ओरडत होती आणि मागून वहिनींचा आवाज आला, अगदी तिच्याच तोंडात बसेल असा:

"किती डाव सांगतलं तुमाले, जेवण झाल्यावर तोंड पुसत जा म्हणून! कॉलर पाहा ही. कोण धुवून राहिलं? तुमची माय?"

खोली हसली. घरमालकीण आजीसुद्धा हसल्या. मीही हसले, का नाही? पण त्या हसण्यात एक आवाज असा होता जो माझ्या ओळखीचा नव्हता. जाड, फुटका, पंप सुरू होताना करतो तसा. मी मागे वळून पाहिलं. हे होते.

वहिनींना मग चेव चढला. भूत एका दारुड्याचं रक्त पितं आणि स्वतःच झिंगतं, तेव्हा त्या म्हणाल्या, "थांब न बाप्पा, चकना तं आणू दे." ह्यांचे खांदे हलायला लागले. पुढे दुकानाच्या काउंटरवर नुसता एक तुटलेला हात येऊन पडतो. मनगटापाशी मांस लोंबतंय आणि मुठीत कपड्यांची पावती घट्ट धरलेली. भूत ती पावती सोडवून घेतं, चष्मा लावून नंबर जुळवतं. वहिनी म्हणाल्या, "नंबर तं बरोबर हाये. पण मालक कुठी हाये? बिनामालकाचे कपडे देत नाई आम्ही."

आणि अंधारातून ह्यांचा आवाज आला, "सही घ्या त्याची."

आधी क्षणभर कोणाला कळलंच नाही कोण बोललं. मग वहिनी अशा हसल्या की त्यांच्या हातातला पंखा पडला. हे चष्मा काढून डोळे पुसत होते, पुन्हा लावत होते, पुन्हा काढत होते. बाकी सगळी खोली तोवर पुढच्या रक्तपाताला किंचाळत होती. हसत दोघंच होते. खोलीच्या दोन टोकांना बसून, एकमेकांकडे न बघता, एकाच वेळी सुरू आणि एकाच वेळी बंद.

त्या दुपारी मला त्या सिनेमातलं काहीच भयानक वाटलं नाही. जे वाटलं ते त्या दोघांचं हसू.

रात्री भाकरी वाढताना मी साध्या आवाजात विचारलं, "काय एवढं हसायला आलं हो तुम्हाला?"

"काही नाही. वहिनी बोलल्या नं ते."

"काय बोलल्या?"

"ते पावतीचं. म्हणजे तो हात..." हे सांगायला लागले आणि मधेच थांबले, कारण घास हातात आणि खांदे पुन्हा हलायला लागलेले. मुलगीही खिदळली. "बाबा, आणि ते चकन्याचं!" "हो, ते चकन्याचं," हे म्हणाले. इतक्या वर्षांत ह्यांनी माझं कुठलं वाक्य मला पुन्हा सांगितल्याचं आठवत नव्हतं. मी पातेलं उचलून आत गेले. भाकरी मला एक कमीच लागली त्या दिवशी.

मी व्यवहारी बाई आहे. संशय वगैरे घेतला नाही. त्या बाईंच्या वागण्यात कुठे बोट ठेवायला जागा नव्हती आणि ह्यांच्या तर नव्हतीच. तसं काही असतं तर निदान भांडता आलं असतं. नवरा दुसऱ्या बाईबरोबर हसला, ही तक्रार घेऊन कोणाकडे जायचं? माझ्या आईनंसुद्धा मला घराबाहेर काढलं असतं. पण माझ्या घरात एक वस्तू होती, ती मला इतकी वर्षं सापडली नव्हती, आणि समोरची बाई येऊन हात घालून ती काढून गेली. घरातलं सगळं कुठे आहे हे मला माहीत असतं. म्हणून ते फार लागलं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे मारबत, म्हणजे रोगराई घेऊन जाणारी बाईची मोठी बाहुली, निघते. मोठी मिरवणूक शहरात, पण गल्लीगल्लीतली पोरंही आपापला बडग्या करतात. बांबूच्या कामट्या, तणस म्हणजे भाताचा पेंढा, कागद, जुने कपडे घालून एक पुतळा उभा करायचा, वर्षाची सगळी पीडा त्याच्या नावावर घालायची, सकाळी गल्लीभर फिरवून मैदानात जाळायचा. त्या वर्षी पोरांनी एकमतानं ठरवलं की बडग्या त्या सिनेमातला करायचा. त्याला ती दातवाला म्हणायची. दातवाला काय काय घेऊन जाणार यावर थोडा वाद झाला. घरमालकीण आजींचं म्हणणं रेशनवाल्याच्या नावाची पाटी लावा, तोच रक्त पितो. शेवटी डासांवर मिटलं. त्या वर्षी घराघरात थंडीतापाचे पेशंट होते, त्यामुळे डासांना कोणाचीच हरकत नव्हती.

यादी मी केली. कामट्या आणि सांगाडा ह्यांच्याकडे, कारण लाकूड लकडगंजातून फुकट येणार होतं. बांधणी समोरच्या वहिनींकडे, तणस एकाकडे, चेहरा पोरांकडे, रक्त माझ्याकडे. बांधणी वहिनींनी स्वतःच मागून घेतली. "पट्ट्या बांधण्यात जिंदगी गेली माझी, द्या न वं मले." ह्यांच्या नावाखाली लगेच त्यांचं नाव आलं. माझ्याच अक्षरात.

मग चेहऱ्याचा प्रश्न निघाला. सुळे वरचे की खालचे, भांग कुठून, यावर पोरांत मारामारी. "पुन्हा एक डाव पाहावा लागते," असं वहिनी म्हणाल्या आणि ह्यांनी, कधी नव्हे ते, स्वतःहून मान हलवली. मी म्हटलं ठीक आहे, आणते.

आणलाही. फक्त व्हिडिओ सकाळीच मागवला आणि शाळेत अर्ध्या दिवसाची रजा टाकली. हे कामावर, मुलगी शाळेत, दार आतून लावलेलं. हसायचं कुठे ते शिकायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. जगात जे काम दुसऱ्या बाईला जमतं ते सरावानं मलाही जमतं, असा माझा अनुभव होता. लोणची तशीच शिकले, टायपिंग तसंच शिकले.

मी एकटी जमिनीवर बसले आणि तो सिनेमा सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिला. माना फुटल्या, आतडी बाहेर आली, मुंडकं फिरलं. कॉलरचा प्रसंग आला. भुताची बायको ओरडली. काही नाही. मला हसू आलं नाही. दारुड्याचा आला, हाताचा आला. भुतानं नंबर जुळवला, कपडे बांधून हातापुढे ठेवले, हात कपडे ओढत घेऊन गेला. ते मागे घेऊन मी दुसऱ्यांदा लावलं. चांगलं होतं, बनवणाऱ्याला बक्षीस द्यावं असं होतं, पण पोट धरून हसावं असं त्यात काही नव्हतं. मग माझ्या लक्षात आलं. ते हसणं कॅसेटमध्ये नव्हतंच. दुकानाच्या माणसाला कितीही भाडं दिलं तरी ते रिक्षात बसून येणार नव्हतं. ते सगळं त्या बाईच्या तोंडात होतं.

हे कळल्यावर खरं तर मी शांत व्हायला हवं होतं. मी उलट हट्टाला पेटले. कॉलरच्या जागी बोलायला एक वाक्य तयार केलं आणि भांडी घासताना ते म्हणून पाहिलं.

संध्याकाळी पुन्हा सगळे जमले. ह्यांनी भिंतीशी नेहमीची जागा घेतली. दारापाशी सतरंजीचा कोपरा मोकळा ठेवला होता, तो कोणासाठी हे मला विचारावं लागलं नाही. वहिनी उशिरा आल्या. दिवसभर उभ्या होत्या बहुतेक, पायांतल्या चपलासुद्धा कशाबशा काढल्या, त्या कोपऱ्यात भिंतीला डोकं टेकलं आणि पहिली मान फुटायच्या आत झोपल्या. तोंड उघडं टाकून, खुशाल. पडद्यावरचे लोक ओरडत होते आणि त्यांचं घोरणं चालू.

माझ्यासाठी मैदान मोकळं होतं. कॉलरचा प्रसंग आला. मी घसा साफ केला आणि भुताच्या बायकोचा आवाज काढून म्हटलं, "हे कपडे आता मी धुणार नाही हं! स्वतःचे स्वतः धुवा!"

 घरमालकीण आजी माझ्याकडे वळून काळजीनं म्हणाल्या, "नको धुऊ बाई. राहू दे तसेच. थकली असशील."

आणि भिंतीपासून ह्यांचा आवाज आला, अगदी मवाळ, "दोरीवरचे मी काढले. पाऊस येईल वाटलं."

कोणी हसलं नाही, कारण त्यात हसण्यासारखं आहे हे कोणाला कळलंच नव्हतं. मी पाण्याचा तांब्या आणायला आत गेले आणि बराच वेळ तिथेच ओट्याला टेकून उभी राहिले. हे त्या दिवशी पूर्ण सिनेमाभर एकदाही हसले नाहीत. एका परीनं बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं. ती बाई झोपली तर ह्यांचं हसूही झोपतं, असा त्याचा अर्थ होता.

दातवाल्याची बांधणी अंगणात झाली. स्वयंपाकघराच्या खिडकीतून सगळं दिसायचं. ह्यांनी कामट्या तासून हातपाय केले, वहिनी तणस भरून त्यावर फडक्याच्या पट्ट्या गुंडाळत होत्या.

"भाऊजी, याचा डावा पाय आखूड हाये."

"मोडला असेल."

"मंग प्लास्टर लावू का?"

नाकातून हवा नाही. पंपाचा आवाज. मी खिडकीशी हळद आणि चुना कालवत होते. माझं रक्त मी घरच्या वस्तूंतून करायचं ठरवलं होतं. हळदीत ओला चुना घातला की ती लालभडक होते, त्यात थोडी कपड्यांची खळ घातली की चिकटते, ओघळते आणि वाळल्यावर काळसर दिसते. ते मिश्रण त्या दिवशी मी गरजेपेक्षा फार जास्त घोटलं. रक्त मात्र उत्तम झालं. वहिनींनी खिडकीतून बोट बुडवून पाहिलं आणि म्हणाल्या, "काहून वं, कोणाचा खून केला?"

"अजून नाही," मी म्हटलं. त्या हसत गेल्या. मी गंमत करत नव्हते.

कपड्यांसाठी मी एक विटका पांढरा शर्ट काढून दिला होता, बाहीला फाटलेला. एवढं लक्षात ठेवा, कारण मी ते यादीत स्पष्ट लिहिलं होतं.

मारबतीच्या सकाळी गल्ली भल्या पहाटेपासून दणाणत होती. "खोकला, पडसं, ताप, हिवताप, घेऊन जा गे मारबत! डास, मच्छर, ढेकूण, घेऊन जा गे मारबत!" पोरं डबे वाजवत होती. मी अंघोळ करून दारात आले तेव्हा चारजणांनी खांद्यावर धरलेला दातवाला आमच्याच दारासमोर येत होता. भांग पाडलेला, सुळे वरचेच, दोन्ही हात आडवे पसरलेले, तोंडापासून छातीपर्यंत माझं रक्त ओघळलेलं. आणि अंगात पांढराशुभ्र टेरिकॉटचा शर्ट. मी मागच्या दिवाळीला सीताबर्डीला जाऊन कापड निवडून, दोनदा माप देऊन ह्यांच्यासाठी शिवून घेतलेला. लग्नकार्यातच घालायचे हे तो. कडक इस्त्री माझ्या हातची.

"हा शर्ट कोणी दिला?" मी विचारलं.

पोरांनी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी चपलांकडे पाहिलं. उत्तर वहिनींनी दिलं, अगदी सहज. "मीच म्हटलं भाऊजींले, हा काय भिकारी हाये का? सिनेमात कसा टापटीप होता. चांगला शर्ट द्या. दिला बिचाऱ्यानं."

मागितला आणि दिला. मी ह्यांना कधी काही मागितलं तर "बघू" म्हणायचे.

"खाली ठेवा त्याला," मी म्हणाले.

"काकू, मिरवणूक..."

"मिरवणूक कुठे जात नाही. खाली ठेवा. शर्ट काढायचा आहे."

डबे थांबले. मी पदर खोचला आणि दातवाल्याची बटणं काढायला लागले. बटणं निघाली, पण हात आडवे असल्यामुळे बाह्या निघेनात. ह्यांनी सांगाडा पक्का केला होता, जे काम करायचे ते पक्कंच करायचे. मी ओढत होते, दातवाला जमिनीवर गडबडा लोळत होता, सुळे माझ्या दंडाला लागत होते.

"हात कापावा लागते वं," समोरच्या वहिनी म्हणाल्या. "कापू का? सवय हाये मले."

"कापा."

त्यांनी एकाची कोयती घेतली आणि खांद्यापाशी एका घावात कामटी तोडली. पट्ट्या गुंडाळलेला तो हात मी काखेत धरला आणि दुसऱ्या हातानं शर्ट ओढून काढला. छातीवर केवढा तरी लाल डाग, कॉलरपर्यंत गेलेला. माझा आवाज माझ्याच हाताबाहेर गेला.

"कोणी गरम पाण्यात टाकू नका हं! रक्ताचा डाग आहे. गरम पाण्यानं पक्का होतो. गार पाण्यात मीठ घालून भिजवायचा, आत्ताच्या आत्ता!"

गल्लीत कोणी हललं नाही. हे पुढे आले. माझ्याकडे पाहिलं, शर्टाकडे पाहिलं, काखेतल्या हाताकडे पाहिलं.

"अवं," हे म्हणाले, "रक्त तं तूच बनवलं. हळद आणि चुना."

आणि मग सुरू झाले. पंप, मग पंपात हवा, मग आवाजच नाही, नुसते हलणारे खांदे. ह्यांना उभं राहवेना, दाराच्या पायरीवर बसले. चष्मा काढला तो हातातून पडला. "मीठ घालून..." एवढंच म्हणायचे आणि पुन्हा जायचे. वहिनी भिंत धरून हसत होत्या. पोरं हसत होती. मी एका हातात शर्ट आणि काखेत हात घेऊन त्या सगळ्यांच्या मधे उभी. मला प्रचंड राग आला होता आणि त्या रागातच माझ्याही तोंडातून काहीतरी फुटलं, ते आवरेना.

घरमालकीण आजी तेवढ्या गंभीर होत्या. "उघडाच पाठवता का त्याले? सण हाये आज," म्हणाल्या. ह्यांनी डोळे पुसत आत जाऊन आपलं एक जुनं बनियन आणलं. दातवाला एका हातानं आणि बनियनवर गेला आणि आमच्या गल्लीचे डास घेऊन जळाला. पुढच्या आठवड्यात डास परत आले.

शर्ट मी नळावर भिजवायला घेतला तेव्हा वहिनी शेजारी येऊन बसल्या, न सांगता दुसरं टोक धरून पिळायला लागल्या. म्हणाल्या, "तुमचे हे घरी किती हसवत असतील वं तुमाले. आमच्या घरी तं रेडिओच बोलते."

मी डागावर साबण घासत राहिले. काय सांगणार होते? हळद साबणानं आणखी लाल झाली, मग पाण्यानं पिवळी. बरेच दिवस उन्हात घातल्यावर छातीवरची गेली, कॉलरपाशी राहिली. शर्ट लग्नकार्यातून बाद झाला. हे तो रविवारी घरी घालायचे, आणि पाहुणे आले की कॉलर दाखवून "मीठ घालून" इथपर्यंत सांगायचे. पुढचं मला सांगावं लागायचं, कारण ह्यांना सांगता यायचं नाही. मी प्रत्येक वेळी सांगायचे.

माझं वाक्य होतं ते. पण ते हसू सुरू झालं तेव्हा समोरची बाई भिंत धरून उभी होती, हेही मी विसरले नाही. तिच्याशिवाय ते मला ऐकू आलं असतं का, याचा हिशेब मी अनेकदा मांडून पाहिला. तो लागत नाही. वहिनींच्या नवऱ्याची पुढे बदली झाली, समोरच्या घरात इतर लोक आले, व्हिडिओची दुकानंही गेली.

अजूनही बाहेरच्या खोलीतून ह्यांचं हसू ऐकू आलं की मी आधी गॅस बंद करते, हात पुसते, आणि मग कोण आलंय ते बघायला जाते.